लहान कॉलेजचा मोठा प्रशिक्षक : जॉन मॅक्लेंडन

"खेळून कुणाचे पोट भरले आहे?" हा प्रश्न ज्याने घरात ऐकला नाही असा विद्यार्थी दिग्रसला सापडणार नाही, पुसदला सापडणार नाही आणि उमरखेडलाही सापडणार नाही. यात पालकांचा दोष आहे असे मुळीच नाही. कापसाच्या एका हंगामावर ज्या घराचे वर्षाचे गणित अवलंबून असते, त्या घराने मुलाच्या पुस्तकाकडे आशेने आणि चेंडूकडे संशयाने पाहावे हे साहजिकच आहे. परंतु खेळ आणि तालीम या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत ही समजूत मात्र एकदा तपासून पाहण्यासारखी आहे. ती तपासण्यासाठी एका शिक्षकाचे चरित्र फार उपयोगी पडते. हा शिक्षक खेळाडू म्हणून कधीच गाजला नाही. त्याच्या आयुष्याचा ऐन उमेदीचा काळ लहान लहान कॉलेजांच्या व्यायामशाळांत गेला. तरीही बास्केटबॉलचा आजचा वेगवान खेळ घडविणाऱ्यांत त्याचे नाव आदराने घेतले जाते. त्या शिक्षकाचे नाव जॉन मॅक्लेंडन.

मॅक्लेंडन अमेरिकेतले. त्यांच्याशी आपला काय संबंध, असे कुणी विचारील. म्हणून आधी हा खेळ आपल्यापर्यंत कसा आला ते थोडक्यात पाहू.

बास्केटबॉल आपल्या अंगणात

कबड्डी किंवा कुस्ती यांचा जन्म अमुक दिवशी झाला असे सांगता येत नाही. बास्केटबॉलचे तसे नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी, वाय.एम.सी.ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाच्या तरुण शिक्षकाने तो तयार केला. नेस्मिथ मूळचे कॅनडाचे. वयाच्या नवव्या वर्षी आईवडील विषमज्वराने गेले आणि नातेवाइकांकडे राहून ते शिकले. थंडीच्या दिवसांत बाहेर बर्फ पडलेला असताना अठरा दांडग्या विद्यार्थ्यांना बंदिस्त जागेत गुंतवून ठेवील असा खेळ हवा होता. नेस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि चेंडू वर उडवला. त्या टोपल्यांवरूनच खेळाला बास्केटबॉल हे नाव पडले.

त्या पहिल्या अठरा विद्यार्थ्यांपैकी डंकन पॅटन हा पुढे हिंदुस्थानात आला आणि १८९४ मध्ये त्याने हा खेळ इकडे आणला, असे स्वतः नेस्मिथ यांनी लिहून ठेवले आहे. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले आणि तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांबरोबर हा खेळ देशभर पसरला. मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीत अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये नागपाडा नेबरहूड हाऊस ही संस्था काढली. समाजकार्याच्या शिक्षणासाठी आज विख्यात असलेल्या टाटा संस्थेचा आरंभही १९३६ मध्ये याच परिसरात झाला. कामकऱ्यांच्या आणि लहान दुकानदारांच्या मुलांनी नागपाड्यात बास्केटबॉल असा आपलासा केला, की तो भाग या खेळाचे माहेरघर म्हणून ओळखला जाऊ लागला. तेथील पोरांना घडविणारे उस्ताद बच्चू खान यांचे नाव पुढे तेथल्या मैदानाला दिले गेले. याच नागपाड्यातून आलेले अब्बास मुन्तसिर भारताचे कप्तान झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

आपल्या विदर्भात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. या भागातल्या शाळांतून 'पी.टी. चे सर' म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांपैकी कित्येकजण याच मंडळाच्या मैदानावर तयार झालेले असतात. १९३६ मध्ये मंडळाचे पथक देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविण्यासाठी बर्लिनच्या ऑलिंपिकला गेले होते. त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला आणि आपला खेळ जगाने स्वीकारलेला पाहण्यासाठी पंचाहत्तरीकडे झुकलेले नेस्मिथ तेथे हजर होते. आणि त्याच १९३६ साली, अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात, नेस्मिथ यांचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला होता. त्याची ही हकीकत.

वडिलांचा सल्ला

जॉन मॅक्लेंडनचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजी कॅन्सस राज्यात झाला. शाळेत असताना त्याने बास्केटबॉल पाहिला आणि आपण या खेळाचे शिक्षक व्हायचे असे त्याच्या मनाने घेतले. खेळाडू होण्याचे स्वप्न सर्वच मुलांना पडते. शिक्षक होण्याचे स्वप्न पडणारा मुलगा विरळा. त्याच्या वडिलांनी चौकशी केली तेव्हा त्यांना कळले, की हा खेळ ज्यांनी शोधून काढला ते नेस्मिथ आपल्याच राज्याच्या विद्यापीठात शिकवितात. त्यांनी मुलाला सांगितले की तिकडेच जा, त्यांनाच भेट आणि तेच तुझे मार्गदर्शक आहेत असे त्यांना सांग. १९३३ मध्ये मुलाने अगदी तसेच केले. नेस्मिथ यांनी विचारले, असे तुला कुणी सांगितले? वडिलांनी, असे उत्तर मिळताच, वडिलांचे म्हणणे बरोबरच असते असे म्हणून त्यांनी या मुलाला आत घेतले.

येथवर ही हकीकत सुखाची वाटते. परंतु त्या काळची अमेरिका ध्यानात घेतली पाहिजे. कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवण्याची रीत तिकडे होती आणि दक्षिणेकडच्या राज्यांत तर ती कायद्यानेच लादलेली होती. शाळा वेगळ्या, उपाहारगृहे वेगळी, बसमध्ये बसण्याच्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. कॅन्सस विद्यापीठ त्या मानाने मोकळे होते, तरी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला स्थान नव्हते. म्हणजे ज्याने हा खेळ निर्माण केला त्याच्याच हाताखाली मॅक्लेंडन खेळाचे शास्त्र शिकत होता, पण विद्यापीठासाठी एकही सामना त्याला खेळता आला नाही.

पोहण्याच्या तलावाचा प्रसंग तर मराठी वाचकाला फार ओळखीचा वाटेल. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहता येणे आवश्यक होते. मॅक्लेंडन तलावात उतरला तेव्हा इतर विद्यार्थी बाहेर पडले आणि नंतर तलावातले सगळे पाणी उपसून टाकण्यात आले. १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर त्या तळ्याचे 'शुद्धीकरण' करणारे लोक आपल्याकडेही निघालेच होते. माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळते ही समजूत सातासमुद्रापलीकडेही तितकीच घट्ट होती. मॅक्लेंडनने मात्र तलावावर जाणे सोडले नाही. नेस्मिथ त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि अखेर तो तलाव सर्व विद्यार्थ्यांना खुला झाला. १९३६ मध्ये तो पदवीधर झाला. कॅन्सस विद्यापीठातून शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. पुढल्या वर्षी आयोवा विद्यापीठातून त्याने पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले.

पालकांनी येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मैदानावर उतरण्याची बंदी असलेल्या या मुलाने खेळाचे शिक्षण मात्र पुस्तकासह, पदवीसह आणि पदव्युत्तर पदवीसह पुरे केले. पुढे त्याला जे काही मिळाले ते या भक्कम पायावर मिळाले.

डरहॅमचे दिवस

१९३७ मध्ये मॅक्लेंडन नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डरहॅम येथे, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या नॉर्थ कॅरोलिना कॉलेजात नोकरीला लागले. प्रारंभी ते सहायक होते आणि १९४० पासून मुख्य प्रशिक्षक झाले. डरहॅम हे तंबाखूच्या कारखान्यांचे गाव. तंबाखूच्या पैशावर उभे राहिलेले ड्यूक विद्यापीठही त्याच गावात. ड्यूकचे भव्य बंदिस्त क्रीडागृह १९४० मध्ये उघडले. इकडे मॅक्लेंडन यांचे कॉलेज लहान आणि साधनांनी दुबळे. दोन्ही संस्थांमध्ये काही मैलांचे अंतर, परंतु त्यांचे संघ एकमेकांशी खेळू शकत नसत, कारण तशी मुभाच नव्हती.

अशा ठिकाणी प्रशिक्षकाने काय करावे? मॅक्लेंडन यांनी आपल्याजवळ काय नाही याची यादी केली नाही. आपल्याजवळ काय आहे ते त्यांनी पाहिले. त्यांच्याजवळ धडधाकट, कष्टाळू मुले होती आणि नेस्मिथ यांच्याकडून मिळालेला एक विचार होता. तो विचार असा की, हा खेळ अर्ध्या मैदानाचा नाही, तो सबंध मैदानाचा आहे आणि चेंडू जेथे असेल तेथे खेळ आहे. त्या काळी बास्केटबॉल संथ खेळला जाई. चेंडू सावकाश पुढे न्यायचा, हातोहात फिरवायचा आणि संधी मिळाली तर टाकायचा, अशी चाल असे. मॅक्लेंडन यांनी आपल्या मुलांना चेंडू हाती येताच सरळ धावत सुटायला शिकविले. समोरच्या संघाला बचावासाठी उभे राहण्यास वेळ मिळण्याआधीच चढाई पुरी करायची. चेंडू त्यांच्याकडे गेला की आपल्या टोकाला परतून वाट पाहायची नाही, तेथेच, सबंध मैदानभर त्यांना घेरायचे. यालाच फास्ट ब्रेक आणि फुल कोर्ट प्रेस असे म्हणतात. आज शाळेच्या स्पर्धेतही हे शब्द ऐकू येतात.

हे ऐकायला सोपे आहे. करायला मात्र दमसास लागतो. चाळीस मिनिटे या वेगाने खेळायचे तर पाय आणि छाती त्या तोडीची हवी. म्हणून मॅक्लेंडन आपल्या संघाकडून लांब पल्ल्याची धाव करून घेत. सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत समोरचा संघ धापा टाकू लागे आणि यांची मुले तशीच पळत असत. साधनांची उणीव मेहनतीने भरून काढण्याचा हा मार्ग होता आणि तो महागडा नव्हता. त्याला चेंडू, मैदान आणि पहाटे उठणारा शिक्षक एवढेच लागत होते.

कुलूप लावून खेळलेला सामना

१९४४ साली मॅक्लेंडन यांचा संघ अशा भरात होता की त्या हंगामात तो जवळजवळ अजिंक्यच राहिला. परंतु अजिंक्य कोणाशी? फक्त आपल्यासारख्याच इतर कॉलेजांशी. गोऱ्यांच्या संघांशी गाठ पडेपर्यंत आपण नेमके कितपत आहोत हे कसे कळणार? तिकडे ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात महायुद्धामुळे ठिकठिकाणचे चांगले खेळाडू एकत्र आले होते आणि त्यांचाही संघ फार प्रबळ मानला जात होता. दोन्हीकडच्या काही विद्यार्थ्यांचे वाय.एम.सी.ए. च्या बैठकांतून बोलणे होत असे. त्यातूनच एक धाडसी कल्पना निघाली.

१२ मार्च १९४४, रविवारची सकाळ. गावातली बहुतेक माणसे आणि पोलीसही चर्चमध्ये असण्याची वेळ. ड्यूकचे खेळाडू मोटारींतून आडवळणाने आले, चेहरे झाकून आत शिरले आणि व्यायामशाळेचे दार आतून बंद करण्यात आले. प्रेक्षक नाहीत. पंच होता, घड्याळ होते, नियम होते. सुगावा लागलेले काही विद्यार्थी तेवढे खिडक्यांना लोंबकळून पाहत होते. सुरुवातीला दोन्ही संघ बुजलेले होते, हातून चेंडू सुटत होते. गोऱ्या मुलांशी अंगाला अंग लावून खेळण्याचा प्रसंग यांच्यावर कधी आलाच नव्हता आणि त्यांच्यावरही नाही. मग हळूहळू खेळ रंगला आणि मॅक्लेंडन यांची मुले आपल्या नेहमीच्या वेगाने धावू लागली. शेवटी गुणफलक होता ८८ विरुद्ध ४४. लहान कॉलेजच्या संघाने दुपटीने विजय मिळविला होता.

त्यानंतर जे घडले ते विजयाहूनही मोठे म्हणावे लागेल. थोडी विश्रांती घेऊन दोन्ही संघांतले खेळाडू आपसात मिसळले, गोरे आणि काळे असे मिश्र दोन संघ केले आणि पुन्हा एक सामना खेळले. मग सारे मुलांच्या वसतिगृहात गप्पा मारत बसले.

या सामन्याची बातमी कुठेही छापून आली नाही. ज्या एका पत्रकाराला कळले त्यानेही ती आपल्याजवळच ठेवली, कारण ती फुटली असती तर मॅक्लेंडन यांची नोकरी आणि मुलांची सुरक्षितता, दोन्ही धोक्यात आली असती. ही भीती पोकळ नव्हती. त्याच वर्षी जुलै महिन्यात याच डरहॅम गावात, बसमध्ये मागच्या जागेवर जाण्यास हरकत घेतली म्हणून एका कृष्णवर्णीय सैनिकाला बसचालकाने गोळी घालून ठार केले आणि न्यायालयात तो चालक निर्दोष सुटला. तेव्हा त्या रविवारच्या सामन्यात केवढा धोका होता हे समजून येईल. पन्नासहून अधिक वर्षांनी, १९९६ मध्ये, इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी ही हकीकत जगापुढे आणली. अधिकृत नोंदवहीत या सामन्याचे नाव आजही नाही. मॅक्लेंडन यांच्या विजयांच्या बेरजेतही तो धरला जात नाही. पण त्या दिवशी त्या मुलांना स्वतःबद्दल जे कळले, ते पुसून टाकणे कुणाच्याही हाती नव्हते.

दार ठोठावणारा माणूस

बंद दाराआडचा विजय मॅक्लेंडन यांना पुरेसा वाटला नाही. दार उघडले पाहिजे, हे त्यांचे पुढचे ध्येय ठरले. आधी त्यांनी आपले अंगण नीट केले. १९४६ मध्ये काही सहकाऱ्यांबरोबर त्यांनी कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांची एकत्रित स्पर्धा वॉशिंग्टन येथे सुरू करविली. ती स्पर्धा आजही दरवर्षी होते. पहिल्या वर्षीचे विजेतेपद त्यांच्याच संघाने मिळविले. त्याचबरोबर राष्ट्रीय स्पर्धांत आमच्या कॉलेजांना प्रवेश द्या, अशी मागणी ते आणि त्यांचे सहकारी सातत्याने करीत राहिले.

अमेरिकेत लहान कॉलेजांची एक वेगळी राष्ट्रीय स्पर्धा १९३७ पासून कॅन्सस सिटी येथे भरत होती. योगायोग असा की, ती सुरू करण्यात वृद्ध नेस्मिथ यांचाही हात होता. ही स्पर्धा भरविणाऱ्या संस्थेने १९४८ मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंवरील बंदी उठविली आणि १९५३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांनाही प्रवेश दिला. अर्ज, पत्रव्यवहार, सभा, पुन्हा अर्ज, अशा कंटाळवाण्या वाटेने हे दार उघडले. मैदानावरच्या विजयाचे छायाचित्र निघते, अर्जांचे कुणी काढीत नाही. पण संस्था चालविणाऱ्या मंडळींना या अर्जांचे मोल वेगळे सांगायला नको.

मधली दोन वर्षे हॅम्प्टन येथे काढून मॅक्लेंडन १९५४ मध्ये नॅशव्हिल येथील टेनेसी ए. अँड आय. स्टेट या कॉलेजात गेले. हेही कृष्णवर्णीयांचेच कॉलेज. संघ कॅन्सस सिटीला जायचा तेव्हा मॅक्लेंडन यांचा आग्रह असे की, इतर संघ ज्या हॉटेलात उतरतात तेथेच आमचीही मुले उतरतील. स्पर्धेत समान आणि भोजनाच्या टेबलावर वेगळे, हे त्यांना मान्य नव्हते. हा आग्रह त्यांनी आवाज न चढविता धरला आणि सोडलाही नाही.

मग आली ती ओळीने तीन वर्षे. १९५७, १९५८ आणि १९५९. तिन्ही वर्षी लहान कॉलेजांचे राष्ट्रीय विजेतेपद टेनेसीच्या या संघाने जिंकले. अमेरिकेतील कोणत्याही संघटनेच्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत लागोपाठ तीन वेळा विजयी होणारे मॅक्लेंडन हे पहिले प्रशिक्षक ठरले. कृष्णवर्णीय म्हणून पहिले असे नव्हे, सर्वांतच पहिले. दार उघडले १९५३ मध्ये आणि चार वर्षांत आतली गादी त्यांनी जिंकली. हे कसे शक्य झाले? त्याचे उत्तर डरहॅमच्या त्या धावण्यात आहे. दार बंद होते त्या सबंध काळात तयारी थांबलेली नव्हती.

यश आणि अपयश

१९५९ मध्ये कॉलेज सोडून ते क्लीव्हलँड शहरातील पायपर्स या संघाचे प्रशिक्षक झाले. १९६१ मध्ये या संघाने हौशी संघांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्याच वर्षी हा संघ व्यावसायिक लीगमध्ये उतरला आणि अशा लीगमधील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होण्याचा मान मॅक्लेंडन यांना लाभला. परंतु काही महिन्यांतच खेळाडूंच्या पगारावरून मालकाशी खटका उडाला. मॅक्लेंडन यांनी खेळाडूंची बाजू घेतली आणि पद सोडले. मानाची जागा सोडणे सोपे नसते. पण ज्याला मुलांनी गुरू मानले, त्याने मुलांच्या हक्काच्या पैशाबाबत गप्प बसावे हे त्यांना पटले नाही.

पुढे केंटकी स्टेट या लहान कॉलेजात त्यांनी पुन्हा काम केले. १९६६ मध्ये क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने त्यांना नेमले. बहुसंख्य गोरे विद्यार्थी असलेल्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक झालेले ते पहिले कृष्णवर्णीय. १९६८ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षकवर्गातही त्यांचा समावेश झाला. १९६९ मध्ये डेन्व्हरच्या व्यावसायिक संघाची सूत्रे त्यांनी हाती घेतली, पण तेथे जम बसला नाही. अवघ्या २८ सामन्यांनंतर त्यांना जावे लागले. थोर माणसाच्या चरित्रातून अपयश गाळून टाकण्याची आपल्याला सवय आहे. तसे करू नये. सर्वत्र यशस्वी झालेला माणूस विद्यार्थ्याला उपयोगी पडत नाही, कारण तसा माणूस कुठे नसतोच. डेन्व्हरनंतरही मॅक्लेंडन यांनी शिकविणे सोडले नाही. देशोदेशी जाऊन त्यांनी या खेळाचे धडे दिले. उतारवयात ते क्लीव्हलँड स्टेटला परतले आणि खेळांच्या इतिहासातील अल्पसंख्याकांच्या कामगिरीविषयी तेथील वर्गात शिकवू लागले. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शागिर्दाने फेडलेले ऋण

स्प्रिंगफील्ड येथे नेस्मिथ यांच्या नावाने बास्केटबॉलचे सन्मानदालन आहे. मॅक्लेंडन यांना तेथे १९७९ मध्ये स्थान मिळाले, परंतु ते खेळाला हातभार लावणारे म्हणून. प्रशिक्षक म्हणून त्यांची निवड झाली २०१६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. जो माणूस जन्मभर प्रशिक्षकच होता, त्याला प्रशिक्षक म्हणून मान्यता मिळण्यास इतका काळ लागला.

ओळीने तीन वेळा जिंकलेला तो टेनेसीचा संघ तर जवळजवळ विस्मृतीतच गेला होता. त्या संघात डिक बार्नेट नावाचा खेळाडू होता. पुढे तो न्यूयॉर्कच्या नामांकित व्यावसायिक संघातून खेळला आणि १९७० व १९७३ च्या विजेत्या संघांत होता. पैसा आणि कीर्ती मिळाल्यावर थांबायला हरकत नव्हती. पण खेळ संपल्यावर त्याने शिक्षण पुढे चालू ठेवले आणि १९९१ मध्ये फोर्डहॅम विद्यापीठातून शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर या डॉ. बार्नेट यांनी आपल्या गुरूच्या त्या संघाला सन्मान मिळावा म्हणून वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, माणसे गाठली. २०१९ मध्ये तो सबंध संघ सन्मानदालनात दाखल झाला. गुरूने दार उघडण्यासाठी अर्ज केले आणि शिष्याने गुरूचे नाव राहावे म्हणून केले. बार्नेट २०२५ मध्ये निवर्तले, पण हे ऋण फेडूनच.

पालकहो, विद्यार्थी मित्रहो

या चरित्रातून काय घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे. तरी दोन गोष्टी बोलून दाखविल्यावाचून राहवत नाही.

पहिली पालकांना. जॉनच्या वडिलांनी मुलाचा खेळाचा नाद बंद केला नाही आणि त्याला मोकाटही सोडले नाही. या विषयातला सर्वांत जाणता माणूस कुठे आहे हे त्यांनी शोधले आणि मुलाला त्याच्या दारात पाठविले. मुलाला चेंडू आवडत असेल तर त्याला विचारा की, या खेळाचे शास्त्र तू कुठे शिकणार, पदवी कोणती घेणार, शिकवू शकशील काय? ज्या मुलाजवळ या प्रश्नांची उत्तरे आहेत त्याचा खेळ हा वेळेचा अपव्यय नाही, ती त्याच्या शिक्षणाचीच एक वाट आहे.

दुसरी विद्यार्थ्यांना आणि आम्हां सर्वांना. आपल्या जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांची मैदाने लहान आहेत. पावसाळ्यात त्यांत चिखल होतो, उन्हाळ्यात माती उडते. बास्केटबॉलचे कडे असले तर जाळी नसते. मोठ्या शहरातल्या संघाशी गाठ पडली की आपली मुले खेळण्याआधीच हरलेली दिसतात. डरहॅमच्या मुलांचीही त्या रविवारी पहिली काही मिनिटे तशीच गेली होती. मग त्यांना आठवले की, आपण यांच्याहून जास्त धावलो आहोत. आपली संस्था आपल्या माणसांनी आपल्यासाठी काढलेली आहे, म्हणून तिच्यात गोड मानून घेऊन चालणार नाही. तिची परीक्षा बाहेरच्या मापानेच झाली पाहिजे. मॅक्लेंडन यांनी आपल्या कॉलेजला कमी लेखले नाही आणि आपल्याच कुंपणात जिंकण्यात समाधानही मानले नाही. सकाळी ते मुलांना धावायला लावीत आणि उरलेल्या वेळात दार उघडण्यासाठी पत्रे लिहीत. ही दोन्ही कामे एकाच माणसाने, एकाच लहान कॉलेजात बसून केली.

उद्या सकाळी साडेपाचला एखादे पी.टी. चे सर मैदानावर शिट्टी घेऊन उभे असतील. त्यांच्यासमोर किती मुले येतात, हे आपल्या हातात आहे.